आप्पांचा नंबर माझ्या नावावर

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी आजवर कुणाचं बुडवलेलं नाही. गाडीचा हप्ता असो, फ्रिजचा असो, तारीख कधी चुकली नाही. चाकणच्या मोबाईलच्या शोरूममधल्या मुलीनं माझा पॅन नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि म्हणाली, "सर, तुमचा स्कोअर तर एकदम भारी आहे." शाळेत कधी कुणी मला असं म्हणालं नव्हतं. बरं, म्हणालं ते तरी कधी, तर आप्पा जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, डोक्यावरचे केस अजून नीट वाढले नव्हते, आणि मी वडिलांच्या मृत्यूचा दाखला हातात घेऊन तिच्यासमोर बसलेलो. हसावं की रडावं कळेना.

मला नवीन फोन नको होता. मला आप्पांचा नंबर हवा होता. आप्पा पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते. मोबाईल नवे नवे आले तेव्हा कंपनीतल्या चार-पाच जणांनी मिळून पोस्टपेड घेतलं, त्यात त्यांनीही घेतलं. तेव्हापासून तोच नंबर. आणि माझा धाकटा भाऊ जगात कुठंही असला तरी त्याला घरचा तेवढा एकच नंबर पाठ होता.

भावाचं सांगायला हवं. आप्पांनी साहेबांच्या हातापाया पडून त्याला आपल्याच कंपनीत चिकटवलं होतं. तो चार महिन्यांत काम सोडून घरी आला. तेव्हा आम्ही निगडीला भाड्यानं राहायचो. आप्पांनी गल्लीतल्या सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली दिली. बापाच्या हातचा मार आम्ही दोघांनीही खाल्लेला, त्यात नवीन काही नव्हतं. पण चारचौघांत! तो तसाच अंगावरच्या कपड्यांनिशी गेला. आम्हाला वाटलं येईल रात्री जेवायला. तो आलाच नाही.

पुढच्या दिवाळीत पाडव्याला आप्पांच्या फोनवर फोन आला. दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग दर पाडव्याला यायला लागला. दर वेळी नंबर वेगळा. मी उलटा फोन लावायचो तर पलीकडं कुणी ट्रकवाला, कुणी ढाब्यावरचा माणूस. "एक भाऊ होता, म्हणाला दोन मिनिटं द्या, दिला मी. गेला तो." एवढंच. पाडव्याला आप्पा सकाळपासून फोन समोर ठेवून बसायचे. कुणी त्या फोनला हात लावायचा नाही, शुभेच्छांचे फोन आले तर "ठेवा, नंतर बोलू" म्हणून कट. भावाचा फोन आला की आई शेजारी येऊन उभी राहायची, "द्या की मला, द्या की" म्हणत. आप्पा हातानंच तिला थांबवायचे, मध्येच फोन दुसऱ्याकडं दिला तर तो ठेवून देईल अशी त्यांना भीती. आणि आईच्या हातात फोन यायच्या आत तो ठेवून द्यायचाच. इतक्या वर्षांत आईनं त्याचा आवाज ऐकला नाही.

मधल्या काळात आप्पा रिटायर झाले, निगडीची जागा परवडेना, आणि मी चाकणच्या कंपनीत असल्यामुळं आम्ही इकडं खोली घेतली. गावाकडं आमचं कुणी उरलं नाही. माझा नंबर भाऊ घर सोडून गेल्यानंतरचा. म्हणजे आप्पा गेल्यावर त्याच्या आणि आमच्यामध्ये तेवढा एक नंबरच राहिला होता. आई तर दिवसकार्यातच म्हणाली, "ह्यांचा फोन बंद होऊ देऊ नकोस. तो बिचारा पाडव्याला फोन करील. त्याला तर ठाऊकपण नाही."

म्हणून मी शहाण्यासारखा, नियमानं, दाखला घेऊन शोरूममध्ये गेलो. कंपनीतला माझा दोस्त नंतर कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे राव, सांगायला कशाला गेलास? गप बिल भरत राहायचं ना!" आता हे कुणी आधी सांगायचं का नंतर? मुलगी चांगली होती. म्हणाली, काही अडचण नाही, नंबर तुमच्या नावावर होईल, फक्त पत्ता बघायला आमचा माणूस घरी येईल. तोवर नंबर बंद राहील.

तो माणूस आला. मी फर्स्ट शिफ्टला होतो. आमच्या कंपनीत मोबाईल आत न्यायला बंदी, गेटवरच्या केबिनमध्ये पाऊचमध्ये घालून जमा करायचा. बायको पॅकिंगला, तीही शिफ्टला. आई त्या आठवड्यात माझ्या बहिणीकडं रावेतला. खोलीला कुलूप. सुटल्यावर पाऊच उघडला तर अनोळखी नंबरचे मिसकॉल. उलटा लावला, कुणी उचलला नाही.

घरी आलो तर घरमालकीण मावशी ओट्यावर लसूण सोलत बसलेली. जुन्या गावातली बाई, तिच्या शेतातच ह्या खोल्या उठल्यात. मला बघून खुदकन हसली.

"आलता रं एक फायलीवाला तुज्या नावानं. गळ्यात पट्टा, हातात मोबाईल. म्या लावला पिटाळून."

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी? म्हन्लं, आसं कोनी ऱ्हात न्हाई हितं. त्यो म्हन्ला, मंग कुटं गेलं? म्हन्लं, खोली सोडून गेलं की कवाच, मराठवाड्याकडं. बाकीच्या बाया पन व्हय व्हय म्हन्ल्या."

आमच्या खोल्यांचा हा रिवाजच आहे. ठेकेदारीवरची माणसं. एक ठेका संपून दुसरा सुरू होईस्तोवर हप्ते अडकतात, वसुलीवाले येतात, दारात उभं राहून बायकापोरांसमोर वाट्टेल ते बोलतात. म्हणून गळ्यात पट्टा घातलेला कुणीही नाव विचारत आला की कुणी कुणाला ओळखत नाही. समोरच्या वेल्डरसाठी मीसुद्धा "दुबईला गेला" म्हणून सांगितलंय, तो आत चहा पीत बसलेला असताना. मावशीनं माझ्यावर उपकारच केले होते. तिच्या तोंडावर मला वाचवल्याचा आनंद मावत नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडणार कुणावर?

मी सगळं सांगितलं तशी तिच्या हातातला लसूण तसाच राहिला. "आगं बाई," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेलो. त्या मुलीनं स्क्रीन बघितली आणि ह्या वेळी माझ्याकडं वळवली नाही. "सर, पत्त्यावर राहत नाहीत असा शेरा आलाय. अर्ज रिजेक्ट झालाय."

"अहो, मी इथं तुमच्यासमोर उभाय ना!"

"हो सर."

"माझा स्कोअर भारी होता ना?"

"आहे सर. पण पत्ता निगेटिव्ह दाखवतोय. त्या पत्त्यावर आता सिस्टीम घेणारच नाही."

म्हटलं प्रीपेड करून द्या. तर म्हणे आधी नंबर तुमच्या नावावर यायला हवा. मॅनेजरला भेटलो, भाडेकरार दाखवला, गॅसचं पुस्तक दाखवलं. हात जोडले. मी सहसा कुणापुढं हात जोडत नाही, माझा स्वभावच नाही तो. तेही केलं.

मग एके दिवशी मावशी स्वतः म्हणाली, मला घेऊन चल. ठेवणीतलं लुगडं नेसली, डोक्यावर पदर घेतला, माझ्या गाडीवर मागं बसून आली. त्या एसीत, त्या काचेच्या टेबलापुढं उभी राहून तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "सायेब, ह्यो माज्याच खोलीत ऱ्हातो. म्याच खोटं बोलले व्हते. ह्याच्या आईचं लेकरू फोन करनार हाय त्या नंबरावर. त्येवडा सुरू करा." मॅनेजर उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. पण म्हणाला, "आजी, माझ्या हातात असतं तर आत्ता केलं असतं." बाहेर पायरीवर बसून मावशी रडली. मी तिला रसवंतीवर रस पाजला आणि घरी आणलं.

पुढं नंबर कायमचा हातचा गेला. मी लावून बघायचो. आधी "बंद आहे" म्हणायचा, मग "अस्तित्वात नाही" म्हणायला लागला. ते ऐकवेना तेव्हा लावायचं सोडलं. आईला मी "काम चालू आहे" म्हणत राहिलो. पाडव्याला तिनं माझाच फोन मांडीवर घेतला आणि दिवसभर बसली. "अगं, त्याच्याकडं हा नंबर नाही," मी म्हटलं. ती म्हणाली, "असू दे."

दिवाळीनंतर एकदा शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर उभा होतो. सवयीनं बोट गेलं आणि आप्पांचा नंबर लागला. रिंग वाजली! एका बाईनं उचलला. माण गावातल्या कुठल्या तरी आयटी कंपनीत होती, नवीन नंबर घेतला तर हा मिळाला म्हणाली. मी चाचरत विचारलं, पाडव्याला कुणाचा फोन आला होता का?

"हो, आला होता ना," ती म्हणाली. "आप्पांना द्या म्हणत होते. मी म्हटलं, राँग नंबर. परत आला. म्हणाले, नंबर तर हाच आहे, आप्पा नसतील तर आई आहे का? घरात पाहुणे होते हो, मी जरा वैतागले. म्हटलं, इथं कुणाची आई नाही, ठेवा फोन."

तिलाच काहीतरी कळलं असावं, "सॉरी दादा, मला माहीत नव्हतं" असं दोन-तीनदा म्हणाली. तिची काय चूक? तो फोन कुठल्या नंबरावरून आला होता ते तिनं शोधून दिलं. मी लावला. ट्रकवाला होता, कुणाला फोन दिला होता ते त्याला आठवतही नव्हतं. माझा नंबर मी तिला दिला, परत फोन आला तर एवढा सांगा म्हटलं. तिनं तो जपून ठेवलाय, मध्ये एकदा आपणहून फोन करून तसं सांगितलंसुद्धा. पण त्यानंतर त्याचा फोन नाही. ह्या वर्षीचा पाडवाही तसाच गेला.

त्या बाईशी बोलून मी घरी आलो, त्या दिवशी आई मेथी निवडत होती. लपवायचं ठरवलं होतं, पण तिच्यासमोर बसल्यावर तोंडून निघूनच गेलं, "आई, पाडव्याला त्याचा फोन आला होता. आप्पांच्या नंबरावर. आता तो दुसऱ्या एका बाईकडं आहे, तिनं उचलला."

तिच्या हातातली जुडी खाली पडली. "काय म्हणाला?"

"आई आहे का, असं विचारलं."

तिचे डोळे भरून आले आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदम. "मग? सांगितलं ना रे त्या बाईनं, आहे म्हणून?"

मी हो म्हणालो.