अठ्ठ्याण्णव इंच

मास्तरांना सवत होती. ती अंगाने गार होती, तिला हातपाय नव्हते, आणि ती नर होती. एवढं सोडलं तर सवतीला लागणारे सगळे गुण तिच्यात होते, असं मास्तर मनातल्या मनात म्हणत. उघड म्हणायची सोय नव्हती. अठ्ठावन्न वर्षांचा, पंचक्रोशीत नाव असलेला शिंपी सापावर जळतो, हे कळलं असतं तर गिऱ्हाइकांनी कोटाचं माप देतादेता हसून पोट धरलं असतं.

त्यांची बायको सकाळी जनावरांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसे. चार वर्षांपूर्वी तिथे कुणीतरी बोआ जातीच्या परदेशी सापाचं पिल्लू तोंडाला जखम झाली म्हणून आणून सोडलं, आणि न्यायला परत आलंच नाही. मुलगी लग्न होऊन गेली त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. 'आठ दिवस ठेवू' म्हणून बाई ते घरी घेऊन आली. आठ दिवसांचे आठ महिने झाले, पुठ्ठ्याच्या खोक्याची काचेची पेटी झाली, पेटीवर उबेचा दिवा आला आणि लांबड्याचे 'राजे' झाले.

हे 'राजे' मास्तरांच्या कानाला फार झोंबे. "राजे आज जेवले नाहीत." "राजांनी कात टाकली बरं का." तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला नुसतं 'अहो', आणि उंदीर गिळणाऱ्याला आदरार्थी बहुवचन! राजांचा उंदीर बर्फातून निघाला की ती तो कोमट पाण्यात ठेवी, मनगटाला लावून बघे, पुन्हा ठेवी. तेवढ्या वेळात मास्तरांच्या चहावर साय धरे. आणि संध्याकाळी खुर्चीत बसून ती त्याला खांद्यावर घेई, तेव्हा तिचा चेहरा असा काही निवांत होई की शिलाई मशीनवर मास्तरांचा पाय आपोआप जोरात पडे. एकदा तर त्या भरात त्यांनी एक खिसा चक्क शिवून बंद केला होता.

अशात बातमी आली. परदेशी साप घरात पाळण्यावर बंधनं येणार होती. नगर कार्यालयाने नियमांचा मसुदा लावला: शहाण्णव इंचांपर्यंतच्या सापाला परवाना मिळेल, त्याहून लांब असेल तर नियम लागू होताच प्राणिसंग्रहालयात जमा करायचा. सध्या ज्यांच्याकडे साप आहेत त्यांनी लांबी लिहून अर्ज द्यावा, काही हरकत असेल तर सुनावणीला यावं.

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. सुंठीवाचून खोकला जातोय म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही?

बायकोच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. "अहो, राजे किती असतील हो? तुम्हीच मोजा. तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

ते खरंच होतं. साप काही गजाच्या कापडासारखा सरळ पडून राहत नाही. पण ज्याने जन्मभर पोटं, पाठी आणि बगला मोजल्या त्याला वळणाचं काय भय? तिने राजांचं डोकं हळूच धरलं. मास्तरांनी पांढरा दोरा नाकाडापासून पाठीच्या मधोमध, प्रत्येक वळणाला चिकटवत, शेपटीच्या टोकापर्यंत नेला, तोडला, आणि कापणीच्या टेबलावर ताणून पट्टी लावली. चौऱ्याण्णव.

पुन्हा लावली. चौऱ्याण्णवच. म्हणजे पठ्ठ्या परवाना घेऊन त्यांच्या छातीवर बसणार.

घरातल्याच दुकानाची एक रीत होती. संध्याकाळी मास्तर माप घेत, आकडा मोठ्याने बोलत आणि बायको वहीत लिही. छाती चाळीस, बाही चोवीस. तीस वर्षांत तिने कधी पट्टीकडे पाहिलं नव्हतं. मास्तर बोलले म्हणजे तेवढंच.

"अठ्ठ्याण्णव," मास्तर बोलले.

पेन थांबलं. "दोन इंचांनी जातायत," ती म्हणाली. मग तिने अर्जावर तोच आकडा लिहिला आणि खाली नीट सही केली. दोरा मास्तरांनी गुंडाळून खिशात घातला.

वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही. उलट त्या आठवड्यात ती राजांपासून हलेचना. दिवस मोजके उरलेत म्हणून लाड दुप्पट. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. जातानाही मेला सगळंच घेऊन चालला होता!

सुनावणीला बाई गेली आणि मास्तरही मागोमाग गेले. सभागृहात गावातली अर्धीअधिक मंडळी होती, म्हणजे मास्तरांनी शिवलेले कपडे. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांचा कोटही त्यांचाच. एक-दोघे शेजारी उठून म्हणाले, लेकराबाळांच्या वस्तीत असली जनावरं नकोत, आणि त्यांचंही काही खोटं नव्हतं. मग बाईचं नाव पुकारलं. तिने लिहून आणलेला कागद उघडला, चार ओळी वाचल्या आणि घडी घातली.

"साहेब, मला ठाऊक आहे, तो माझ्यावर प्रेमबिम करत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, त्याला नुसती ऊब लागते. पण मुलगी गेल्यापासून माझ्या घरात कोणाला माझी काही गरज लागत नाही. आमचे हे फार चांगले आहेत. पण त्यांच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, आणि संध्याकाळी आकडे. बोलायचं कोणाशी? दोन इंचांसाठी त्याला नेऊ नका."

"बाई, नियम म्हणजे नियम," अधिकारी म्हणाले. "मापात काही चूक तर नाही ना?"

"छे," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी घेतलंय. त्यांचं माप चुकत नाही."

मास्तरांचा हेवा त्या क्षणीही होताच. भर सभेत तिने सापासाठी पदर पसरला होता, त्यांच्यासाठी कधी पसरला होता? पण त्या शेवटच्या वाक्याने त्यांना बसवेना.

"चुकलंय," मास्तर उभे राहून म्हणाले. "चौऱ्याण्णव आहे."

"चार इंच?" अधिकाऱ्यांनी नकळत स्वतःची बाही ओढून पाहिली. सभागृह खो खो हसलं. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणूनच माझी विजार आखूड होते!" मास्तरांनी खिशातला दोरा काढून टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी तो मोजला नाही. त्यांनी अर्जावर शेरा मारला: माप पशुवैद्यांकडून पुन्हा घ्यावे, शिंप्याचे धरू नये.

बाई हसली नाही. चार इंच चुकायला मास्तरांना जन्म पुरला नसता, हे त्या सभागृहात एकट्या तिला कळत होतं.

रस्त्यात ती दोन पावलं पुढेच चालली. कोपऱ्यावर थांबली. "का केलंत असं?"

"हेवा वाटायचा मला त्याचा."

"सापाचा?"

"हो, सापाचा!" मास्तर चिडून म्हणाले. "तू त्याच्याशी जशी बोलतेस तशी माझ्याशी बोललीस कधी?"

"तुम्ही आकड्यापलीकडे काही बोललात कधी? आणि बोललात तो आकडाही खोटा." एवढं बोलून ती चालू लागली.

डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं. चौऱ्याण्णव. नियम मंजूर झाले, राजांना परवाना मिळाला, दिवा जळत राहिला.

त्या संध्याकाळी एक गिऱ्हाईक सदऱ्याचं माप द्यायला आलं. बाई वही घेऊन नेहमीसारखी आली. मास्तरांनी छातीभोवती पट्टी धरली आणि आकडा बोलले, "बेचाळीस."

तिने लिहिलं नाही. ती उठली, जवळ आली, इतकी जवळ की तिचा श्वास मास्तरांच्या बोटांना लागला. मग पट्टीवर वाकून तिने स्वतःच्या डोळ्यांनी आकडा पाहिला, आणि मगच वहीत बेचाळीस लिहिलं.