दिगू मिस्त्रीला ऐकू न आलेली गाडी

रविवारची दुपार, अडीचचा सुमार. प्रयाग बिडवे जेवून आडवी झाली आहे. डोक्यावर पंखा, छातीवर मोबाईल आणि मोबाईलमध्ये शेजारी शेजारी तीन गाड्या. एक लहान, एक मधली, एक मोठी. तिन्ही विजेवर चालणाऱ्या. मोठीचं छत उघडतं. लातूरच्या उन्हात छत उघडून काय गाडीत पापड वाळवायचे का, असं तिनं काल शोरूममधल्या माणसाला तोंडावर विचारलं. तो हसला आणि उत्तर तिच्या दिराला दिलं.

गाडी घेणार ती, पगार तिचा, आणि माहिती मात्र दिराला. "साहेब, मॅडमना पांढरा शोभेल." मॅडम तेवीस वर्षं अंगणवाडी पर्यवेक्षिका आहेत. वजनकाटा खांद्याला लावून काळ्या-पिवळ्या जीपमधून गावोगाव हिंडल्या आहेत, ड्रायव्हरशेजारी चौथी सवारी म्हणून, गिअरच्या दांड्यापासून गुडघे वाचवत. त्यांना काय शोभतं ते दुकानदार ठरवणार!

दीर उत्तम पाच वाजता येणार आहे, होकार घ्यायला. त्यानं त्याच्या परीनं ठरवूनच टाकलंय. त्याच्या गॅरेजवर एक जुनी डिझेल जीप विकायला उभी आहे, तीच घ्यायची. "वहिनी, घरची गाडी, घरचा मिस्त्री. तुम्हाला चालवायची पण गरज नाही, मी हाय की."

मी हाय की. म्हणजे उद्यापासून प्रयागनं कुठल्या गावाला कधी जायचं आणि परत कधी यायचं, ते उत्तम सांगणार. तिला हे कळतंय. तरी तिचा धीर निम्मा सुटलाय. कारण काल निघता निघता तो दारातून म्हणाला, "दादा असता तर त्यानं असलं खेळणं दारात उभं राहू दिलं नसतं."

दादा म्हणजे प्रयागचा नवरा, दिगंबर. गावात दिगू मिस्त्री. डिझेलचा पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चालू इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचा, मूठ कानामागच्या हाडावर टेकवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तीन नंबरचं नोझल." उघडून बघावं तर तीन नंबरचंच. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. छाती गेली त्याची.

पंखा गरगरतो. मोबाईलमधली अक्षरं एकमेकांवर चढतात. चारशे वीस किलोमीटर, आठ वर्षं वॉरंटी, चारशे वर्षं, आठ किलोमीटर...

"काय बघायलीस त्या मोबाईलमधी?"

दिगंबर खाटेच्या कडेला बसला आहे. अंगात गॅरेजचा खाकी शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. प्रयागला भीती वाटत नाही. फक्त त्याच्यात काहीतरी कमी आहे असं वाटतं, आणि काय कमी आहे ते सापडत नाही.

"गाडी बघते."

"कुणाला?"

"मला."

"आन् चालवणार कोण?"

"मीच. लायसन काढलंय, तुम्ही गेल्यावर."

तो मान मागे टाकून हसतो. "तुला? अगं, बाईच्या पायाला क्लच कळतच नसतो."

"अर्ध्या लातूरला तुम्ही गाडी शिकवली. भाच्याला शिकवली, दूधवाल्याला शिकवली. मला एकदा तरी बसवलं का त्या सीटवर? आणि ऐकून ठेवा, ह्या गाडीला क्लच नाहीच."

"मग तिला गाडी कशाला म्हणायचं?"

खाट शोरूममध्ये आहे. खालची फरशी इतकी चकचकीत की तिच्यात पंखा फिरताना दिसतो. प्रयागच्या पायात चपला नाहीत. शोरूमचा माणूस हात जोडून येतो आणि सरळ दिगंबरसमोर उभा राहतो.

"या साहेब. बजेट काय आहे आपलं?"

"साहेब मेलेले आहेत," प्रयाग म्हणते. "माझ्याशी बोला."

"हो मॅडम, नक्की मॅडम," तो म्हणतो आणि पुन्हा दिगंबरकडे वळतो. "तर साहेब, मी काय म्हणतो, थोडं ताणलं तर मोठी बसते. छत उघडतं."

"अरे, तीन वर्षं झाली त्यांना जाऊन!"

"वा! मग तर साहेबांसाठी स्पेशल ऑफर आहे."

दिगंबर खुशीत येतो. मेल्यावरही मान मिळतोय, कोणाला नको असतो? प्रयागच्या मस्तकात तिडीक जाते. जिवंत बाईपेक्षा मेलेला पुरुष यांना चालतो. ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहते.

"मधलीवर चारशे वीस किलोमीटर लिहिलंय तुम्ही. मे महिन्यात, एसी लावून, खड्ड्यांच्या रस्त्यावर किती? कागदावरचं सांगू नका."

माणसाचं तोंड उघडं राहतं. त्यातून "दोनशे ऐंशी" असा बारीक आवाज येतो.

"आणि लहानीला?"

"एकशे सत्तर."

"बरं. आता बाजूला व्हा."

शोरूमच्या छताला आता अंगणवाडीचा वजनकाटा टांगला आहे. त्याला कापडी झोळी आहे, सहा महिन्यांचं बाळ ठेवतात तसली. प्रयाग लहान गाडी उचलते आणि झोळीत ठेवते. तिला यात काहीच वावगं वाटत नाही. तेवीस वर्षं ती हेच करत आली आहे. हातातल्या बाळांच्या वाढीच्या तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा आहे.

"हिला बघा," ती दिगंबरला म्हणते. "माझा लांबचा फेरा एकशे तीसचा. ही कशीबशी करते. पण रात्री लाईट गेली आणि चार्जिंग झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी ही उपाशी. पिवळ्या पट्ट्यात."

मोठी गाडी झोळीत मावत नाही. तिचं उघडं छत हवेत फडफडतं.

"आणि ही?"

"ही खात्यापित्या घरची. हिला घेतलं तर मी तिच्यासाठी नोकरी करायची, तिनं माझ्यासाठी नाही."

मग ती मधली ठेवते. निळी. काटा थरथरतो आणि थांबतो. हिरवा. एक रात्र लाईट नसली तरी दोन दिवस गावं होतात. खालून उंच आहे, नाल्याच्या दगडाला पोट लागत नाही. घरी पंधरा अँपिअरचा प्लग नि नीट अर्थिंग पुरतं. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं आणि प्रयागची नोकरी राहिली सात. ती तक्त्यावर टिंब काढते.

"झालं तुझं? आता इकडं ये, तुला खरी गाडी दाखवतो," दिगंबर म्हणतो.

ते गॅरेजमध्ये उभे आहेत. जमिनीवर ऑइलची काळी साय धरलेली. मधोमध उत्तमची जीप. दिगंबर आत हात घालून चावी फिरवतो आणि जीप अंगात आल्यासारखी हलायला लागते. त्याचा चेहरा उजळतो. तो स्क्रू-ड्रायव्हर काढतो, टोक इंजिनाला लावतो, मूठ कानामागे टेकवतो, डोळे मिटतो.

"आवाज बघ! आवाज बघ तिचा! ह्याला म्हणत्यात..."

वाक्य पुरं होत नाही. त्याला ढास लागते. एक, मग दुसरी, मग ती लांबलचक, पोटातून उसवत येणारी, जिच्यासाठी प्रयाग दोन वर्षं रात्र-रात्र पाठीवर हात ठेवून बसली होती. तो जीपला धरून वाकतो. धूर त्याच्या गुडघ्यापर्यंत आला आहे.

आता तिला कळतं, काय कमी होतं ते. खोकला. आल्यापासून तो एकदाही खोकला नव्हता.

ती चावी फिरवून जीप बंद करते.

"बंद कशाला केलीस?" तो धापा टाकत म्हणतो.

"मेल्यावर तरी नीट श्वास घ्या की हो!"

"धंदा होता माझा."

"धंदा होता म्हणून गप्प बसले. डॉक्टरनं तोंडाला फडकं बांधा म्हटलं, तुम्ही म्हणालात, फडकं बांधल्यावर मिस्त्री कोण म्हणंल? त्या धुरानं तुम्हाला नेलं आणि तुमचा भाऊ तीच गाडी माझ्या दारात उभी करायला निघालाय. वर तुमचं नाव सांगतोय!"

दिगंबर हट्टानं, लहान मुलासारखा पाय आपटत, निळ्या गाडीकडे जातो. ती जीपच्या मागेच उभी आहे. तो तिच्या पुढच्या झाकणावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवतो. मूठ कानामागे. डोळे मिटलेले. बराच वेळ. जागा बदलतो. चाकाशी लावतो, दाराशी लावतो.

"काही नाही," तो म्हणतो. "आवाजच नाही. मेलेली हाय ही."

"मेलेले तुम्ही आहात. ती चालू आहे."

तो वाकून काचेतून बघतो. आत हिरवा दिवा लागलेला.

"खोटं हाय."

"मग तो स्क्रू-ड्रायव्हर स्वतःच्या छातीला लावा. लावा ना. काय ऐकू येतंय?"

तो लावतो. खरंच लावतो. टोक खाकी शर्टाच्या बटनापाशी, मूठ कानाला. गॅरेजमधली घड्याळंसुद्धा थांबतात. त्याचा चेहरा बारीक होतो.

"काहीच नाही, प्रयाग."

"मग आता गाडीला नावं ठेवू नका."

असं बोलून तिला वाईट वाटतं. पण ती शब्द मागे घेत नाही. वीस-बावीस वर्षं मागे घेतच आली होती.

"मग मी ऐकायचं काय आता?" तो विचारतो. हा प्रश्न भांडणाचा नाही. ज्याच्या कानावर घर चाललं, त्या माणसाचा आहे.

प्रयाग निळ्या गाडीकडे वळते. ती दार उघडते. "बसा."

तो सवयीनं उजवीकडे जातो.

"तिकडं नाही. डावीकडं."

डावीकडे बसताना त्याचा गुडघा आपटतो, हात कुठे ठेवावेत ते समजत नाही. ती उजवीकडे बसते, सीटचा पट्टा खांद्यावरून ओढून लावते आणि पाय दाबते. गॅरेजची भिंत बाजूला होते आणि औशाचा रस्ता सुरू होतो. दोन्हीकडे सोयाबीन, वर पांढरं ऊन. पडद्यावर आकडा आहे, बॅटरी एकतीस टक्के.

"एकतीसच?"

"पुरतील."

मैलाचा दगड जातो. चोवीस. दुसरा दगड जातो. पंधरा. स्वप्नातले आकडे भरभर उतरतात आणि प्रयाग स्टिअरिंग घट्ट धरते. तिला वाटतं, चुकलं आपलं. सगळे म्हणत होते तेच खरं. दिगंबर ते ओळखतो.

"उत्तमला फोन लाव. जीप घेऊन येईल."

"नाही."

"वाटंत बंद पडली तर?"

"तुमची जीप किती वेळा बंद पडली? आणि दर वेळी मागून ढकलली कुणी? तुम्ही आत बसून ओरडत होता, अजून जोर लाव, आता क्लच सोडतो! ढकलताना बरा कळत होता मला क्लच."

त्याच्या नाकातून हसू फुटतं. "लग्नात पण ढकलली होतीस. शालूवर."

"वरात होती माझी!"

दोघं हसतात. आकडा नऊवर आला आहे आणि तिथे थांबला आहे. गाडीत इतकी शांतता आहे की प्रयागला शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येतो. आत जातो, बाहेर येतो. मधे घरघर नाही, अडखळ नाही. इतका साफ श्वास तिनं त्याच्याजवळ कधी ऐकलाच नव्हता. लग्न झालं तेव्हाही नाही.

"दवाखान्यात नेलं तेव्हा गाडी उत्तमनं चालवली," ती रस्त्यावरून नजर न काढता म्हणते. "मी मागं, तुमचं डोकं मांडीवर. हळू घ्या भावजी, हिसके बसतायत यांना, असं चार वेळा म्हटलं. ऐकलं नाही. तेव्हाच ठरवलं मी."

दिगंबर तिच्याकडे वळतो.

"मग आता माझी परवानगी पायजे का तुला? म्हणून बसवलंस?"

"परवानगी कोण मागतंय? गाडी मी घेणार. तुम्ही नको म्हणालात तरी घेणार."

"मग बसवलंस कशाला?"

"फिरवायला."

तो मान खिडकीकडे वळवतो. पुन्हा समोर बघत म्हणतो, "पुढं खड्डा हाय."

"दिसतोय मला."

"डावीकडनं घे."

"मी उजवीकडनं घेणार आहे," प्रयाग म्हणते, आणि घेते.

बेल वाजते. पंखा फिरतोय. पाचला दहा कमी आहेत. प्रयाग उठून बसते तर उजव्या खांद्याला चुरचुरतं. ती पदर सरकवून आरशासमोर उभी राहते. मानेच्या बुडाशी, उजव्या खांद्यावरून सुरू होऊन तिरका डाव्या बाजूला पोलक्याच्या आत उतरलेला एक लालसर पट्टा आहे. तीन बोटं रुंद, कडा सरळ, त्यात विणीच्या बारीक रेघा. ती उताणी झोपली होती. अंगाखाली चादर सोडून काही नव्हतं.

ती त्या पट्ट्यावरून बोट फिरवते. नवऱ्याच्या गाडीत ती जन्मभर डावीकडे बसली. तिथला सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. हा उजव्या खांद्यावरून आला आहे, चालवणाऱ्याचा.

बेल पुन्हा वाजते. ती पदर सावरत नाही. तशीच जाऊन दार उघडते. उत्तम हातात जीपची चावी खुळखुळवत उभा आहे.

"काय वहिनी, ठरलं मग?"

"ठरलं. मधली. निळी. उद्या जाऊन बुक करते, एकटी. तुम्ही नका येऊ भावजी, तो माणूस तुमच्याशीच बोलत बसतो."

चावी खुळखुळायची थांबते. त्याला दादाचं नाव काढायचंय, ते त्याच्या ओठांवर आलेलं दिसतं. पण त्याची नजर तिच्या मानेवर जाते आणि तिथेच अडकते.

"हे काय लागलं वहिनी?"

"गाडीचा पट्टा."

"कुठल्या गाडीचा?" उत्तम मागे वळून रिकाम्या अंगणाकडे बघतो.

"माझ्या," प्रयाग म्हणते. "चहा घेणार का?"