दोन सीटची गाडी

साहेबांचा उजवा खांदा धरलेला आहे, हात कानाच्या वर जात नाही. म्हणून अंधेरीच्या त्या लिलावात नंबराची पाटी माझ्या हातात होती. त्यांनी माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली की मी पाटी वर करायची. गाडी इंग्लंडची, जुनी, हिरवी, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. कॉलेजात असताना साहेबांनी असली एक पाहिली होती, तेव्हापासून ती डोक्यात.

मी त्यांचा ड्रायव्हर. सातवीतून शाळा सुटली आणि कोकणातून इकडे आलो. मुलुंडला त्यांच्याच बंगल्यामागच्या खोलीत राहतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन साहेबांनीच करवलं.

हॉलमध्ये जायच्या आधी चहाच्या टपरीवर दुसऱ्या एका साहेबाचा ड्रायव्हर भेटला. म्हणाला, "गाववाल्या, तुमच्या त्या गाडीला सीटा किती?"

"दोन."

"एकीवर साहेब, एकीवर बाई. मग तू काय डिकीत बसणार?" तो हसला. "वाट लागली रे तुझी."

खोटं नव्हतं ते. महिनाभर साहेबांचं एकच चाललेलं, "मी चालवीन, ही बाजूला. आत्ताची गाडी काढून टाकू."

टिचकी, पाटी. टिचकी, पाटी. शेवटी समोर एकच जण उरला. पुन्हा टिचकी बसली तेव्हा हात उचलेना. कळलंच नाही म्हणालो असतो तर साहेबांनी मानलंही असतं. मग पट्टी बांधलेली आई आठवली. पाटी वर केली. गाडी आमची झाली. म्हणजे साहेबांची.

कागदपत्रं झाल्यावर गाडी आणायला रिक्षाने गेलो. साहेब स्टिअरिंगवर बसले, मी बाजूला. पॉवर स्टिअरिंग कुठलं त्यात, आणि कंपाउंडमधून निघायलाच वळण. ते चाक ओढत राहिले, चेहरा लाल झाला, खांदा साथ देईना. मग इंजिन बंद करून म्हणाले, "तू ये इकडे."

मुलुंडपर्यंत मीच चालवली. इतकी वर्षं साहेब मला आरशात दिसायचे. आता बाजूलाच होते, तर मान वळवायची हिंमत होईना. सिग्नलला लोक मोबाईलवर फोटो काढत होते. नोकरी राहिली, एवढं मला कळत होतं. पण बरं असं काही वाटलं नाही, नुसता थकवा आला.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते म्हणाले, "ही गॅलरीत उभी असेल रे."

मी गाडी थांबवली आणि उतरलो.

"साहेब, इथून गेटपर्यंत सरळच आहे. घ्या तुम्ही."

"आणि गेटशी?"

"तिथे थांबा. आत मी घेतो."

ते सरकून चाकामागे बसले, टोपी नीट केली. गाडी हळूहळू निघाली. मी मागून भराभर चालत राहिलो. गेटशी वळण होतं.