साठीच्या पलीकडची झडप

“तुमच्या झडपेला दोनच पाकळ्या आहेत,” बारामतीच्या हार्टच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मग बाकीच्यांना किती असतात?” मी विचारलं.

“तीन.”

बावन्न वर्षं काढली, लग्न केलं, डाळिंबाच्या दोन बागा उभ्या केल्या, पण आपल्यात एक पाकळी कमी आहे हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी बायको बसली होती. शालनच्या चेहऱ्यावर फारसं आश्चर्य दिसलं नाही. याच्यात काहीतरी कमी आहे, असा तिला पहिल्यापासून संशय असावा.

आजाराचं नाव एऑर्टिक स्टेनोसिस. हृदयातून सगळ्या अंगाला रक्त जातं त्या दाराला एक झडप असते. दर ठोक्याला ती उघडते आणि मिटते. माझी जन्मतःच दोन पाकळ्यांची, त्यामुळे लवकर झिजली, कडक झाली. दार उघडायचं तर नुसतं किलकिलं होत होतं, आणि त्या फटीतून रक्त ढकलताना हृदय दमत होतं. हे सगळं टूडी इको नावाच्या तपासणीत दिसलं. ही हृदयाची सोनोग्राफीच. दुखत नाही, घाबरू नका.

खुणा आधीपासून होत्या. खालच्या तुकड्यातून शेडपर्यंत यायचं तर मला दोनदा थांबावं लागे. मी ते कधी पोटावर ढकललं, कधी फवारणीच्या वासावर. एक दिवस छाटणी चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दोन ओळींच्या मधे खाली बसलो. शालन धावत आली. म्हटलं, “बसलोय जरा.” ती म्हणाली, “काट्यात कोण बसतं?” दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या गावाहून, कळंबहून, बारामतीला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “वडील कशानं गेले?”

आता हा प्रश्न मला विचारायचा म्हणजे गवयाला गा म्हणण्यासारखं. आमच्या पाहुण्यारावळ्यांत गोष्टी सांगणारा म्हणून माझं नाव आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात माझ्याभोवती घोळका असतो. त्यात आमच्या घरातल्या पुरुषांच्या जाण्याची गोष्ट फार चालते. आजोबा तळहातावर तंबाखू मळता मळता गेले, चिमूट तोंडात टाकायची राहिली. वडील उसाला पाणी देताना, हातात खोरं तसंच उभं. थोरला भाऊ इंदापूरच्या बाजारात भाव करता करता. साठी कुणीच बघितली नाही. “आमच्यात माणूस आजारी पडत नाही, थेट जातो,” असा शेवट केला की लोक हसतात, म्हातारी माणसं म्हणतात, नशीबवान, कुणाला त्रास दिला नाही.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. “यातले काही जण याच झडपेनं गेले असतील. आता खात्रीनं सांगता येणार नाही. पण हे घराण्यात असू शकतं. मुलांची इको करून घ्या.”

आम्हाला एकच मुलगा, सागर. बारामती एमआयडीसीत कामाला आहे. पाळी संपवून मोटरसायकलवरून तसाच आला. त्याच्याही पाकळ्या दोनच निघाल्या. अजून कडक झालेल्या नाहीत, दरवर्षी तपासत राहायचं, कदाचित कधी त्रास होणारही नाही, असं बाईंनी समजावलं. “वाटणीला आलं म्हणायचं,” सागर म्हणाला आणि हसला. मग बराच वेळ हेल्मेटचा पट्टा लावत आणि काढत बसला.

माझी झडप मात्र बदलावीच लागणार होती. पुण्याच्या सर्जननी सगळं शांतपणे सांगितलं. नवी झडप दोन प्रकारची मिळते. एक मेकॅनिकल, म्हणजे कार्बनची. ती बहुतेक जन्मभर टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आणि वरचेवर रक्त तपासायचं. दुसरी टिश्यूची, जनावराच्या हृदयाभोवतीच्या पातळ आवरणापासून केलेली. तिला सहसा ती गोळी कायमची लागत नाही. पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, मग पुन्हा बदलायची.

“तुमच्या वयाला दोन्ही बरोबर,” ते म्हणाले. “तुम्ही कसं जगता, त्यावर ठरवा. विचार करून या.”

मी जागेवरच ठरवलं होतं. टिश्यू. कारण तयार होतं. डाळिंबाच्या झाडाला हात लावला की काटा लागतो. छाटणीच्या दिवसांत आमचे हात रोज रक्ताळलेले. रक्त पातळ करून त्या बागेत कसं शिरायचं? शिवाय बागसुद्धा बारा-पंधरा वर्षांनी उपटून नवी लावतोच की. झडपेचंही तसंच.

गावात शेजारचे तात्या सल्ला द्यायला आले. तात्यांनी ठिबकच्या पाइपलाइनवर आजवर डझनभर व्हॉल्व्ह बदलले आहेत, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. “वॉशर चांगला बघून घ्या म्हणावं,” ते म्हणाले. टिश्यूची झडप गाईच्या आवरणाची असू शकते, हे कळल्यावर घरात जरा चुळबुळ झाली. तात्यांनी तीही मिटवली. “गाईचं दूध पिऊन वाढलाय न्हवं? मग त्या आयनं आजून येक वस्तू दिली. त्यात बाटतंय काय?”

सर्जनना निर्णय सांगायला आम्ही निघालो. सागर गाडी चालवत होता. शालन मागे बसली होती. बारामती सोडल्यावर एका रसवंतीवर थांबलो. सागर फोनवर बोलत बाजूला गेला.

“येक इचारू?” शालन म्हणाली.

“इचार की.”

“ती पंधरा वर्सांनी परत बदलायची. तवा तुमी किती वर्सांचं असाल?”

“सदुसष्ट.”

“मग त्या आपरेशनाला कुणी न्यायचं तुमाला? मी तवा थकल्याली असंल.”

मी हसलो. “तवर कोण ऱ्हातंय?”

शालननं रसाचा पेला तसाच भरलेला खाली ठेवला.

“ह्येच ऐकायचं हुतं मला. काट्याचं निमित्त हाय. तुमी हिशेबच साठीपतोर धरलाय.”

“आगं, आमच्यात—”

“तुमच्यात, तुमच्यात! दर लग्नात ऐकती मी. आजा असा गेला, बाप असा गेला. लोकं हसत्यात. तुमी सवताची बी गोष्ट रचून ठिवलीया. त्या गोष्टीत मी कुठं हाय? शेवटाला रडायला तेवढी येती व्हय?”

मी रसवाल्याकडे आणखी बर्फ मागितला.

तिनं मान वळवून सागरकडे पाहिलं. तो पाठमोरा उभा होता. “अन त्यो? त्याला बी दोनच हायेत. त्यो बघतोय तुमी काय घेताय. त्यानं बी साठीचाच हिशेब धरायचा का?”

खोटं कशाला बोलू, सदुसष्टाव्या वर्षीचा मी कधी डोळ्यांपुढे आणलाच नव्हता. दात नसलेला, नातवंडांना कंटाळा आणणारा, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणारा. आमच्या घरात तसला माणूस कुणी पाहिलाच नव्हता, तर आणणार कुठून?

“छाटणीचं काय मग?” मी हळूच विचारलं.

“छाटणी मी बघती. बायका लावून घिती. तुमी बांधावर बसा. तसं बी आजवर दुसरं काय केलंय?”

सर्जनना मी मेकॅनिकल सांगितली. काट्याचंही विचारलं. ते म्हणाले, “जाड हातमोजे घाला, खोल जखमेपासून जपा. रक्त थांबायला वेळ लागेल, पण थांबेल. नाहीच थांबलं तर लगेच या.” एवढी साधी गोष्ट मी आधी विचारली नव्हती, कारण मला ती विचारायची नव्हती.

वाचणाऱ्यांनी यातून मेकॅनिकलच चांगली असं समजू नये. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या तरुण बाईंनी टिश्यूची घेतली, कारण त्यांना मूल हवं होतं आणि ती गोळी गरोदरपणात धोक्याची ठरू शकते. त्यांचं त्यांना बरोबर होतं. दुसऱ्या ऑपरेशनची त्यांनी मनाची तयारी केली होती. मी केली नव्हती, मी ते टाळायला मरण मधे घातलं होतं.

ऑपरेशनच्या आधी अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या नळ्यांत कुठं अडथळा आहे का, ते यात बघतात. मग मला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. छाती उघडायची आणि हे दात मोजतायत, असं वाटलं. पण किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. एक दाढ तिथंच गेली. साठीनंतरच्या बोळक्याची सुरुवात झाली म्हणायची.

थिएटरात नेण्याआधी ब्रदरनं माझा करदोडा कापला. अंगावर काही ठेवायचं नसतं, एवढंच कारण. पण आमच्याकडे पुरुषाचा करदोडा तो गेल्यावरच तोडतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी शालनकडे बघितलं नाही, तिनंही माझ्याकडे बघितलं नाही. काळा दोरा तिनं मुठीत घेतला आणि म्हणाली, “नवा घालू.” तेवढंच.

पुढचं मला माहीत नाही. जाग आली तेव्हा तोंडात श्वासाची नळी होती आणि ती मी ओढू नये म्हणून हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले होते. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर माणूस घाबरतो. सिस्टर कानाशी म्हणाल्या, “काका, ऑपरेशन झालं. आता बोलायचं नाही.” शालन म्हणते, संसारातला तेवढाच वेळ शांततेत गेला.

नंतरचे दिवस लांबलचक. छातीचं हाड मधे कापून तारांनी बांधलेलं असतं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. भरली बादली उचलायची नाही. खाटेवरून हातांवर भार देऊन उठायचं नाही. फुप्फुसांसाठी एक खेळणं देतात, नळीतून श्वास ओढायचा की आतले तीन चेंडू वर जातात. सुरुवातीला माझा एकही हलेना. पलीकडचे सत्तरीचे आजोबा तिन्ही चेंडू चढवून माझ्याकडे बघत बसायचे.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. रडू येतं. चहा आला म्हणून रडलो, चहा गार झाला म्हणून रडलो. सागर दाढी करून आला, तेव्हाही रडलो. डॉक्टर म्हणाले, मोठ्या ऑपरेशननंतर असं होतं, हळूहळू ओसरतं. नाही ओसरलं तर सांगा, त्यावरही उपाय आहे. लाजू नका.

घरी आल्यावर शालननं नवा करदोडा बांधला. गाठ तिनं दोनदा ओढून पाहिली.

गोळीचं वेळापत्रक कडक. रक्त किती पातळ झालंय ते मोजायच्या तपासणीला आयएनआर म्हणतात. पालेभाज्यांनी त्या गोळीचा जोर कमी होतो एवढं ऐकून मी सगळ्या पालेभाज्या बंद केल्या. शालनचं माहेर सांगवीचं, भाजीपाला पिकवणारं. तिच्या भावानं प्रेमानं पाठवलेल्या मेथीच्या जुड्या मी म्हशीला घातल्या. पुढे त्याच्याकडे चार दिवस राहायला गेलो तेव्हा भीड पडली, आणि दोन्ही वेळा मेथी, पालक, शेपू ओरपला. आयएनआर घसरला, म्हणजे रक्त पुन्हा घट्ट व्हायला लागलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच रागावल्या. “बंदही नको आणि ताव मारणंही नको. रोज थोडं, सारखं. झडपेवर गुठळी झाली तर बंद पडेल ती.” आता वाटीभर भाजी खातो आणि जास्तीची नको म्हणतो. मेव्हणा रुसला आहे, पण मी आहे म्हणूनच कुणावर तरी रुसतोय.

यंदाची छाटणी शालननं केली. मी छत्री घेऊन बांधावर. “ती फांदी ठिव,” मी ओरडायचो. ती नेमकी तीच उडवायची. कामावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. झाडं मात्र छान फुटली. फुटवे दिसले त्या दिवशी चहात साखर जास्त होती.

ज्यांनी माझं हृदय हातात घेतलं, त्या सर्जनांचे आणि सिस्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. आता ओळखीतून ओळख काढून लोक फोन करतात. परवा सांगवीहून एका गृहस्थांचा आला. माझ्याच वयाचे, झडपही तीच.

“पाव्हणं, तुमी कंची घातली? आमी कंची घालावी?”

“त्ये डाक्टरला इचारा. सगळं इचारा, लाजू नका. पर त्याच्या आधी येक सांगा. किती वर्सं जगायचा इचार हाय तुमचा?”

पलीकडे पाण्याची मोटर चालल्याचा आवाज येत राहिला.

“आसं कुणी इचारलं न्हाय आजवर.”

“मला बी कुणी इचारलं न्हवतं. मालकीण हायेत का जवळ?”

“हाय की. गवार तोडतीया.”

“त्यांनी काय हिशेब धरलाय, त्यो आधी इचारा. मग झडप ठरवा.”

त्यांनी फोन ठेवला नाही. मग मोटर बंद झाली आणि लांबून त्यांची हाक ऐकू आली, “आगं ये, ऱ्हाऊ दे ती गवार. हिकडं ये जरा, बस हितं.”