आईचं खरं वजन

सोलापूरला डोळे तपासणीच्या कोर्सला मी आले, तेव्हा घरात कुणालाच त्याचं नाव नीट सांगता येत नव्हतं. खरं तर मलाही नाही. दुसऱ्या वर्षी सरांनी वर्गात सांगितलं, सांधेदुखीवरची एक गोळी वजनाच्या मानाने जास्त आणि वर्षानुवर्षं घेतली, तर डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याला इजा होऊ शकते. ती भरून येत नाही, आणि पेशंटला लवकर कळतही नाही. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ते नाव मी घरच्या पाकिटावर वाचलेलं होतं. आई सात वर्षं तीच गोळी घेत होती.

सरांना हे सांगायला मला दोन दिवस लागले. ते म्हणाले, "अगं, मग घेऊन ये की त्यांना!"

आई सांगोल्याहून एसटीने आली. "मला चांगलं दिसतंय. लांबनं शेरडं वळकते मी," कॉलेजच्या दवाखान्याच्या दारातच तिने ऐकवलं.

फॉर्मवर मी सांध्यांच्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीतलं वजन उतरवलं, बासष्ट किलो. दवाखान्यातल्या मॅडमनी आईला काट्यावर उभं केलं, तर अठ्ठेचाळीस.

"मावशी, जेवता की नाही?" मॅडमनी विचारलं.

"मी हाय तेवढीच हाय." मी फॉर्मवरचा आकडा वाचून दाखवला, तशी आई म्हणाली, "बासष्ट व्हय? ते बाजारातलं. बोकड इकताना मीच त्येला उचलून काट्यावर हुबी ऱ्हाते, मग माजं वजा करत्यात. डाक्टरनं इचारलं, त्यो आकडा ध्यानात व्हता, सांगितला."

"म्हणजे बोकडासकट?"

"व्हय. चौदा किलोचा व्हता की!"

मॅडम खुर्ची धरून हसल्या. मला हसता येईना. सात वर्षं आई बोकडाच्या वाटणीचंही औषध खात होती.

ओसीटी मशीनवर आईने हनुवटी टेकवली. स्क्रीनवर पडद्याचे थर उमटले, भाकरीच्या पापुद्र्यांसारखे. सर बघतच राहिले. बोलेनात. मग बोट ठेवून म्हणाले, "ही रेघ बघ. इजा असती तर इथे तुटलेली दिसली असती. अखंड आहे." बाकीच्या तपासण्याही चांगल्या आल्या. सरांनी सांध्यांच्या डॉक्टरांना खरं वजन कळवलं, त्यांनी डोस कमी केला.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "दर साली यायचं म्हंत्यात."

"यायचंच."

"येते. पन पुढच्या टायमाला मशीन चालवाया तूच बस. तुजं सर लई येळ गप ऱ्हात्यात, माजा जीव गेला हितं."