उतरलेल्या किमतीचा फॉर्म

विमा कंपनीचं जाडजूड पाकीट आलं तेव्हा मला वाटलं, पुन्हा हप्ता वाढवला असणार. पण पत्र वेगळंच होतं. अपघातानंतर गाडी कितीही चांगली दुरुस्त केली तरी अपघाताची नोंद कायम राहते, आणि विकताना तिची किंमत उतरते. त्या उतरलेल्या किमतीची भरपाई कंपनीने कधी दिली नाही, म्हणून काही गाडीमालकांनी मिळून अशा सगळ्यांच्या वतीने क्लास अ‍ॅक्शन दावा लावला होता. आता तडजोड झाली होती. आमची जुनी राखाडी गाडी त्यात बसत होती. फॉर्म भरायचा, सही करायची, गाडी विकल्याच्या कागदाची प्रत जोडायची.

अडचण एवढीच होती की मला ती विकताना एक छदामही कमी मिळाला नव्हता.

गाडी आम्ही घेतली होती ती इथे कॅनडात, कॅल्गरीत, तेलाच्या जिवावर सगळं भरभरून चाललं होतं तेव्हा. पुढे एका हिवाळ्यात चौकात बर्फावरून घसरत आलेल्या पिकअपने तिची उजवी बाजू चेपली. कोणाला खरचटलंही नाही. दोन्ही दारं नवीन बसली, रंग असा बेमालूम जमला की मलाच शोधावं लागे.

मग तेलाचे भाव कोसळले. एका सकाळी डबा घेऊन ट्रेनने डाउनटाउनला गेलो आणि अकरा वाजता तोच डबा न उघडता घरी घेऊन आलो. तेलकंपनीतली बावीस वर्षांची नोकरी अर्ध्या तासात आटोपली. रडू आलं नाही, रागही आला नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसा मी सबंध झालो होतो. बायको विचारायची, "अहो, तुम्हाला काही वाटतंय की नाही?" खरं सांगायचं तर नव्हतं वाटत.

दोन गाड्या परवडेनात. आमच्या बेसमेंटमध्ये तेव्हा नागपूरहून नवीनच आलेलं एक जोडपं राहत होतं, त्यांना गाडी हवी होती. बायको म्हणाली, "अपघाताचं सांगा हं त्यांना."

"सांगतो," मी म्हणालो.

आपल्या लोकांत एक रीत आहे. आपल्यातल्या माणसाकडून गाडी घेताना ती कोणी मेकॅनिककडे नेत नाही. नेली तर संशय घेतल्यासारखं होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "माझ्या हातची गाडी आहे, डोळे झाकून घे." बाजारात बिनअपघाताच्या गाडीला जो भाव होता, तोच मी सांगितला. त्याने घासाघीस केली नाही. ड्राइव्हवेवर त्याच्या बायकोने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ माझ्या हातून वाढवला. मग दोघांनी वाकून नमस्कार केला. मी "सुखी राहा" म्हणालो. तेव्हाही काही वाटलं नाही.

पुढे त्यांनी स्वतःचं घर घेतलं. दिवाळीला फराळाचा डबा न चुकता यायचा. हळूहळू मलाही दुसरी नोकरी लागली, आधीपेक्षा लहान. गाडीचा विषय कधी निघाला नाही.

आता विक्रीचा कागद हवा होता आणि माझी प्रत सापडेना. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मी त्याला फोन केला, "अरे, तो जुना कागद आहे का तुझ्याकडे?" आणि रविवारी फॉर्म खिशात घालून त्यांच्याकडे गेलो.

तिने चहा टाकला. त्याने फाइल आणली. आमच्या लोकांच्या फायली म्हणजे काय विचारता, किराण्याची पावतीसुद्धा जपलेली. माझ्या सहीचा कागद वर होता. त्याच्यामागे दुसरा एक स्टेपल केलेला. गाडीचा इतिहास सांगणारा रिपोर्ट, इंटरनेटवरून विकत घेतलेला. त्यात अपघाताची नोंद होती. वर तारीख होती, आमच्या व्यवहाराच्या दोन दिवस आधीची.

मी तारीख पुन्हा वाचली.

"तुला माहीत होतं?"

"हो काका. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, रिपोर्ट काढल्याशिवाय युज्ड कार घेऊ नको."

"मग त्याच भावाला का घेतलीस?"

तो जरा अवघडला. "तुम्ही आम्हाला एअरपोर्टवर घ्यायला आला होतात. डिपॉझिट न घेता बेसमेंट दिलंत. आणि नेमका तेव्हाच तुमचा जॉब गेला होता. मी हिला म्हटलं, आत्ता नको काही बोलायला. काका स्वतःच सांगतील."

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला होता. मला लाज वाटली. कान तापले. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटलं, ते हे. मी खिशातून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. कशाचे पैसे आहेत ते सांगितलं, ते त्याचे आहेत हेही सांगितलं. मग म्हणालो, "मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

आणि थांबलो. आपल्याकडे अशा वेळी समोरचा म्हणतो, "जाऊ द्या हो काका, त्यात काय एवढं," आणि विषय मिटतो. मी त्याचीच वाट पाहत होतो.

"हो काका," तो म्हणाला, "सांगायला हवं होतं."

मग त्याने फॉर्म स्वतःकडे ओढला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला.