खिडकीची गोळी

आमच्या वृद्धाश्रमात माणसांना खुर्चीच्या जागेवरून हाक मारत. मी खांब. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पंखा, उंबऱ्याजवळच्या बाई दार. आया सारख्या बदलतात, नावं कोण लक्षात ठेवणार? विज्ञानाची पदवी घेतली, जन्मभर कॉलेजात शिकवलं, आणि शेवटी काय, तर खांब. पण ही गोष्ट माझी नाही, धाकटीची आहे.

धाकटी म्हणजे शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली बाई. आवाज असा, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या पोरानं चड्डी वर ओढावी. तिची मोठी जाऊ आमच्याकडे राहायला होती. दोघींनी एका स्वयंपाकघरात जन्म काढला आणि भांडल्याशिवाय एक दिवस घालवला नाही. नवरे गेले, मुलं पांगली, भांडण तेवढं टिकलं. धाकटी भेटायला यायची ती टोमणा मारतच आत शिरायची, आणि तिनं बूड टेकायच्या आत मोठीचे दोन टोमणे तयार असत. आम्हाला फुकटची करमणूक.

त्या वेळी खिडकीजवळच्या खुर्चीत एक म्हातारी असे. तिला आम्हीही खिडकीच म्हणायचो. दिवसभर अर्धवट झोपेत, ओठांवर अर्धं हसू, आणि बोटं मांडीवर हवेतच विणत असायची. उजवं वरून, डावं ओढून. ना सुया, ना लोकर. पूर्वी खूप विणलं असणार, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. एका सकाळी ती गेली. आयांनी खुर्ची पुसली, आणि जेवणाच्या आत मोठी तिथं जाऊन बसली. चांगली जागा सोडणं तिला ठाऊकच नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, खुर्ची थंड तरी होऊ द्या."

"थंड झाली की गार लागते," ती म्हणाली.

त्यानंतर बरेच दिवस तिच्याकडून एकही धड वाक्य ऐकू आलं नाही. पुढं ती हळूहळू मावळत गेली. आधी बोलणं आटलं. मग दुपारभर मान छातीवर. मग एक हसू आलं, आणि ते तिचं नव्हतं. ते हसू आम्ही सगळ्यांनी त्याच खुर्चीत पाहिलं होतं. एका दुपारी तिची बोटं मांडीवरून उचलली गेली. उजवं वरून, डावं ओढून.

पंख्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खुर्ची लांब सरकवली. आया कुजबुजल्या, की पहिली अजून त्या खुर्चीतून उठलेलीच नाही. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी स्वच्छतागृहाकडे मी लांबच्या वाटेनं जाऊ लागले.

धाकटी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. परतली ती नेहमीसारखी दारातूनच म्हणाली, "काय जाऊबाई, अजून आहात होय?" मोठी हसली. नुसती हसली. धाकटीनं आणखी एक टोमणा मारला, मग तिच्या माहेरावरून, मग तिच्या फसलेल्या आमटीवरून. मोठी आपली हसतेच आहे. धाकटीचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

व्यवस्थापकांनी तिला वयोमानाचं पालुपद ऐकवलं. वर म्हणाले, आता त्या किती शांत झाल्यात. धाकटी म्हणाली, त्या झोपेतसुद्धा शांत नसतात, हे मी भिंतीपलीकडून जन्मभर ऐकलंय.

त्याच आठवड्यात मेलेल्या म्हातारीची लेक सामान न्यायला आली. मोठीचे हात दिसताच ती जागीच थांबली. धाकटीनं विचारलं, की तुमच्या आई फार विणायच्या ना?

"आई? तिनं जन्मात सुई हातात धरली नाही," लेक म्हणाली. "इथं आल्यावरच हातांना हे लागलं."

मोठीची बोटं चालूच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीनं मोठीला उठवून कोपऱ्यात बसवलं, डोक्यावरून शाल घेतली आणि स्वतः खिडकीच्या खुर्चीत बसली. मान छातीवर टाकून. मला वाटलं, झालं, आता हीपण. आया ढकलगाडी घेऊन आली. गाडीवर गोळ्यांचे छोटे कप, खुर्च्यांच्या क्रमानं मांडलेले. तिनं तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आ कर गं खिडकी."

धाकटीनं आ केला. गोळी जिभेवर पडली तशी तिनं ती तळहातावर काढली आणि शाल मागं टाकली.

"ही कुणाची?"

"खिडकीची," आया म्हणाली. मग तिनं पहिल्यांदा चेहरा पाहिला, आणि तिच्या हातातला कप पडला.

म्हातारी गेली, पण तिची गोळी रोज दुपारी खुर्चीकडे येत राहिली. मोठीची स्वतःची रक्तदाबाची गोळी तिच्या जुन्या रिकाम्या जागेपाशी जाऊन परत फिरत होती. आणि जिवंतपणी त्या म्हातारीला तरी ही गोळी कशासाठी होती? धाकटीनं हेच विचारलं. व्यवस्थापक घुटमळले, मग म्हणाले, सुरुवातीला त्या फार हाका मारायच्या, म्हणून शांत ठेवायला.

त्यांनी मोठीला वरच्या मजल्यावर चांगली खोली देऊ केली. फक्त गवगवा नको. धाकटी म्हणाली, खोली राहू द्या. उद्यापासून तोंड बघून, नाव विचारून औषध द्यायचं. कशाचं आहे ते सांगायचं. नको म्हणेल त्याच्या तोंडात कोंबायचं नाही. डॉक्टरांनी प्रत्येकाजवळ बसून गोळ्या तपासायच्या.

"नाहीतर मी रोज या खुर्चीत बसेन, आणि शेजारी तपासणी अधिकाऱ्यांना बसवीन."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः उभी राहून हजेरी घेतल्यासारखी देखरेख करत होती. आयेनं पोस्टमास्तरांना नाव विचारलं. ते बराच वेळ वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नाव सांगितलं, पण प्रश्न विचारल्यासारखं. माझी पाळी आली तेव्हा मी माझं नाव दोनदा सांगितलं.

डॉक्टरांनी मोठीची ती खिडकीची गोळी कमी करत करत बंद केली. बोटांचा चाळा त्या गोळीनंच लागलाय, त्याचं काही सांगता येत नाही म्हणाले. थांबतील, कदाचित नाही. खिडकीच्या खुर्चीत आता कुणी बसत नाही. तरी गाडी तिथं आली की आयेचा हात क्षणभर अडतो.

परवा धाकटी आली. मोठी कोपऱ्यात टक्क जागी होती, हात मांडीखाली दाबून. धाकटीला पाहताच हात सुटले आणि बोटं सुरू झाली. उजवं वरून, डावं ओढून.

धाकटी तिच्यासमोर बसली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान ऐकू आला. "जाऊबाई, काय विणताय?"

मोठीनं आपल्याच हातांकडे परक्याच्या हातांकडे बघावं तसं पाहिलं.

"तुझ्या तोंडाला मुसकं, धाकटे," ती म्हणाली. "पण मेलं पुरं होत नाही."